डिजिटल वर्ग : यंत्राबरोबर उस्तादही घडवा

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सोलापूर अशा कापडाच्या गावांमध्ये एक चांगला रिवाज आहे. कारोबारात दोन पैसे सुटले की व्यापारी आपल्या मोहल्ल्यातील शाळेला काहीतरी देतो. पूर्वी तो पंखे देई, पाण्याची टाकी बांधून देई, गरीब मुलांना वह्या वाटी. आता शाळेचे संचालक त्याच्याकडे डिजिटल बोर्ड मागतात. रक्कम लाखाच्या आसपास जाते. व्यापारी ती खुशीने देतो. फीत कापली जाते, फोटो छापून येतो, भिंतीवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते.

या रिवाजाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. देणारे हात वाढावेत, हीच इच्छा आहे. परंतु आपण व्यापारी आहोत. सुताची गाठ घेताना आपण काउंट पाहतो, धागा ओढून पाहतो, पार्टी कोण आहे याची चौकशी करतो. शाळेला लाखाचे यंत्र देताना मात्र एकही प्रश्न विचारत नाही. तो बोर्ड वर्षभर चालला का, त्यावर कोणी काय शिकविले, मुलाला काय आले, याची विचारपूस करणारा देणगीदार मी तरी फारसा पाहिलेला नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. बोर्डावर जेवढा पैसा खर्च होतो, तेवढाच शिक्षकाच्या तयारीवर आणि मुलाच्या भाषेतील धड्यांवर खर्च झाला पाहिजे. विशेषतः उर्दू माध्यमाच्या शाळांत हे झाले नाही, तर त्या बोर्डाचा उपयोग पाहुण्यांना दाखविण्यापुरताच राहील.

संगणक आपल्याला परका नाही

प्रथम आपल्यातील काही बुजुर्गांच्या शंकेबद्दल. ते म्हणतात, हे पडद्याचे खूळ मुलांना बिघडवील, फळा आणि खडूच बरा. मुलाच्या हातात दिवसभर मोबाईल असणे वाईट, हे मलाही मान्य आहे. पण संगणक म्हणजे बाहेरची बला, हे मान्य नाही. त्याची एक मूळ कल्पना तर आपल्याच धंद्यातून गेली आहे.

फ्रान्समधील लियाँ शहरात जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली नक्षीच्या कापडाचा माग तयार केला. त्यात जाड कागदाच्या पत्त्यांची माळ असते. पत्त्याला जेथे भोक आहे तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे भोक नाही तेथे तो खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर फुले, वेली, मोर, सर्व काही विणले जाते. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात गणिती यंत्राचा आराखडा केला, तेव्हा यंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने हेच भोकाचे पत्ते घेतले. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलरिथच्या यंत्रांनी अशाच पत्त्यांवर केली. आजचा संगणकही 'आहे' आणि 'नाही' या दोनच खुणांवर चालतो. जकार्डवर बसणाऱ्या कारागिराच्या मुलाला ही गोष्ट शाळेत सांगितली, तर संगणकाची भीती त्याला कशाला वाटेल?

शिवाय धंदाही बदलला आहे. इलेक्ट्रॉनिक जकार्डला पत्ते लागत नाहीत. नक्षी संगणकावर तयार होते आणि फाईल यंत्रात जाते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, २०१८ पासून ई-वे बिल आले. गाडी भरून तयार असली तरी बिल निघाल्याशिवाय माल हलत नाही. हे काम जाणणारी मुले आपल्याला शाळेतून मिळत नाहीत. ती बाहेरच्या क्लासमध्ये पैसे भरून शिकून येतात. ज्याच्या बापाकडे पैसे नाहीत तो मागावर जातो. म्हणून शाळेत संगणक यावा की नाही हा वादाचा विषय राहिलेला नाही. तो कसा यावा, एवढेच ठरवायचे आहे.

तीन ठिकाणचा अनुभव

पहिला अनुभव परदेशातला. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या योजनेखाली लाखो लॅपटॉप शाळांना वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची तपासणी केली. २०१२ साली निष्कर्ष बाहेर आला. मुलांच्या हातात संगणक आले, त्यांचा वापरही वाढला. पण गणित आणि भाषा या विषयांच्या गुणांत फरक पडला नाही. हे यंत्र वर्गात कसे वापरावे, याची शिक्षकांची तयारी तोकडी होती. हजारो माग आणून उभे करावेत आणि जॉबर एकही नेमू नये, असाच हा व्यवहार झाला.

दुसरा अनुभव दिल्लीचा. तेथे सरकारी शाळांतील मुलांना शाळा सुटल्यावर माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर शिकविण्यात आले. ६१९ मुलांचा हा अभ्यास २०१९ साली अर्थशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आला. तपासणीत दिसले की सहावीतील सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होते. म्हणजे पुस्तक सहावीचे आणि मुलाची समज तिसरी-चौथीची. सॉफ्टवेअर प्रत्येक मुलाची पातळी ओळखून तेथून धडा सुरू करी. रोज दीड तासाचा वर्ग असे. निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ छोट्या गटात शिकविणारा माणूस. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची चांगली प्रगती झाली. हिंदीभाषक मुलांना हिंदीतून आणि त्यांच्या मापाचा धडा मिळाला, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरा अनुभव आपल्या सोलापूर जिल्ह्याचा. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी १० लाख डॉलरचे ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झाले. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. ते शाळेत आले तेव्हा इमारत पडकी होती, एका बाजूला गुरांचा गोठा होता. मुलांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तक दुसऱ्या भाषेत. या गृहस्थांनी आधी मुलांची भाषा शिकून घेतली. धडे त्या भाषेत तयार केले. मग पुस्तकात क्यूआर कोड चिकटविले, म्हणजे कोड स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते. २०१७ साली राज्य सरकारने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड घालण्याचे जाहीर केले आणि पुढे देशपातळीवरही तीच पद्धत आली. सर्वांनी क्यूआर कोड उचलला. पण त्याआधी शिक्षकाने कन्नड शिकून घेतली होती, ही अर्धी गोष्ट मागे पडली.

नस्तालीकचा प्रश्न

आता आपल्या दाराशी येऊ. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. त्या काळी उर्दू अखबार कातिबाच्या हाताने लिहिला जाई. कारण उर्दूची नस्तालीक लिपी. तीत शब्द उजवीकडून डावीकडे वरून खाली उतरत जातो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप बदलते. खिळे जुळवून ही लिपी नीट छापता येत नसे. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी नूरी नस्तालीक संगणकावर आणली आणि १९८१ साली 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती त्यात निघू लागली. आपल्याकडे दिल्लीच्या एका कंपनीने १९९४ साली इनपेज हा प्रोग्रॅम काढला. मग अखबार, लग्नाच्या पत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सर्व काही इनपेजवर होऊ लागले.

इनपेजने उर्दूवर उपकार केले यात शंका नाही. पण एक अडचण मागे राहिली. जुन्या इनपेजची अक्षरे साठविण्याची रीत त्याची स्वतःची होती. ती फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा मोबाईलवर उघडली की उर्दूऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. सर्व यंत्रांना समजणारी युनिकोड ही रीत इनपेजमध्ये नंतर आली. त्यामुळे उर्दू शाळांतील शिक्षकांनी जुन्या इनपेजवर वर्षानुवर्षे तयार केलेल्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका फाईलमध्ये अडकून पडल्या. बोर्डावर त्या जशाच्या तशा चालत नाहीत.

मोबाईल आणि संगणकाच्या मोठ्या कंपन्यांनीही उर्दूकडे उशिराच पाहिले. विंडोजमध्ये नस्तालीक वळणाचा फाँट २०१२ साली आला, गुगलने २०१४ साली आपला नस्तालीक फाँट काढला, आयफोनमध्ये ती सोय २०१७ साली झाली. आजही कितीतरी यंत्रांवर उर्दू मजकूर अरबी वळणाच्या नस्ख लिपीत उमटतो. मोठ्या माणसाला तो वाचता येतो. पहिली-दुसरीच्या मुलाने पुस्तकात जे अक्षर ओळखायला शिकले, ते बोर्डावर वेगळ्याच रूपात दिसले की ते मूल अडखळते. त्यात उर्दू वाक्य उजवीकडून आणि आकडे डावीकडून. दोन्ही एका ओळीत आले की साध्या प्रोग्रॅममध्ये ओळ उलटसुलट होते आणि गणिताचे उदाहरणच बिघडते.

आता विचार करा. विक्रेता बोर्डाबरोबर तयार धड्यांचा साठा देतो, तो बहुधा इंग्रजी किंवा हिंदीत असतो. उर्दू माध्यमाचा मुलगा पुस्तक उर्दूत वाचतो, परीक्षा उर्दूत देतो आणि बोर्डावर इंग्रजीतील चित्रफीत पाहतो. चित्र हलते म्हणून तो खूश होतो. आशय डोक्यात उतरत नाही. शिक्षकाच्या हे लक्षात येते आणि हळूहळू तो खडूकडे परत जातो. मग बोर्डावर कापड पडते. कापडाच्या गावात तेवढे कापड सहज मिळते!

येथे एक कडू गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्यापैकी पुष्कळ व्यापाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत. उर्दू शाळेत आपल्या कारागिरांची मुले आहेत, ज्यांच्या मेहनतीवर आपली दुकाने चालतात. तेथील बोर्ड चालतो की बंद आहे, याची झळ आपल्या घराला लागत नाही. म्हणूनच आपण पाटी पाहून परत येतो.

फोन एक, मुले चार

काही लोक म्हणतात, बोर्डाची गरजच काय, अभ्यास मोबाईलवर पाठवा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हा प्रयोग देशभर झाला. माग बंद, रोजी बंद, आणि मास्तरांचा धडा फोनवर. 'असर' संस्थेच्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी २०१८ साली सुमारे ३६ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० साली तो सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी आला. म्हणजे शंभरातील अडतीस मुलांच्या घरी त्या कठीण काळातही तो नव्हता. ज्या घरी होता तेथेही फोन एक, मुले चार, आणि तोच फोन घेऊन बाप कामाच्या शोधात बाहेर.

त्यानंतर फोन वाढले. पण २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलामुलींमध्ये स्वतःचा फोन असणारे मुलगे सुमारे ४४ टक्के आणि मुली सुमारे २० टक्के निघाल्या. आपल्या मोहल्ल्यात चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही. अभ्यास फोनवर टाकला की पहिला फटका मुलीला बसतो. भाऊ फोन घेऊन बाहेर जातो आणि तिचा धडा राहतो. म्हणून यंत्र शाळेत असावे, सर्वांसमोर असावे, हेच बरे. शाळेतला पडदा मुलगा-मुलगी भेद करीत नाही.

धडा आपल्या गावाचा

उर्दूत धडे नाहीत, म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही. ते तयार करणे फार खर्चाचे काम नाही. चांगला मोबाईल, छोटा माइक आणि शांत खोली एवढे पुरते. लिपीची अडचण आवाजाला नसते. चांगल्या शिक्षकाने धडा वाचून, समजावून रेकॉर्ड केला, तर तो प्रत्येक यंत्रावर सारखाच ऐकू येतो. क्यूआर कोड तयार करायलाही पैसे पडत नाहीत.

विषयही घरचेच घ्यावेत. विज्ञानाच्या पुस्तकात गोल फिरणाऱ्या गतीचे मागे-पुढे होणाऱ्या गतीत रूपांतर असा भाग येतो. पॉवरलूमचा क्रँक तेच करतो : मोटर गोल फिरते आणि फणी मागे-पुढे हलते. साध्या कापडाच्या मागावर वरचा दांडा दोन फेरे घेतो तेव्हा खालचा एक घेतो. गुणोत्तराचा यापेक्षा सोपा धडा कोणता? शिक्षकाने कारखान्यात जाऊन जॉबरला बोलते करावे, दहा मिनिटांची चित्रफीत घ्यावी.

गणितासाठी सुताचा काउंट घ्यावा. ८४० वारांची एक लड. एक पौंडात जितक्या लडी बसतात तितका काउंट. मग ४० काउंटच्या एक पौंड सुताची लांबी किती? ४० गुणिले ८४०, म्हणजे ३३,६०० वार. हे उदाहरण बोर्डावर आले की मागावाल्याच्या मुलाला घरी जाऊन अब्बांना विचारण्यासारखे काही मिळेल. आणि शाळेची पायरी न चढलेला तो बाप पहिल्यांदा मुलाच्या अभ्यासात उस्ताद ठरेल.

तिसऱ्या वर्षाचा हिशेब

आपण नवा माग घेतो तेव्हा किमतीबरोबर वीज, तेल, सुटे भाग, जॉबरचा पगार हेही मांडतो. शाळेच्या बोर्डाचा असा हिशेब कोणी मांडत नाही. पहिल्या वर्षी गॅरंटी असते. दुसऱ्या वर्षी धड्यांच्या सॉफ्टवेअरची वर्गणी संपते. तिसऱ्या वर्षी बोर्ड बिघडतो आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून संचालक गप्प बसतात. बिल थकल्यामुळे जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. सरकारच्याच आकड्यांप्रमाणे २०२३-२४ साली देशातील सुमारे ५७ टक्के शाळांत संगणक आणि सुमारे ५४ टक्के शाळांत इंटरनेट होते. असलेल्या संगणकांपैकी रोजच्या शिकविण्यात किती वापरले जातात, ही गोष्ट या आकड्यांतून कळत नाही. ती वर्गात जाऊनच पाहावी लागते.

देणाऱ्यांनी काय करावे

व्यापारी बंधूंनो, माझ्या सूचना साध्या आहेत.

पुढच्या वेळी शाळा बोर्ड मागेल तेव्हा पैसे देण्यापूर्वी शिक्षकाला भेटा. त्याच्या हातात उर्दूचे पाठ्यपुस्तक द्या आणि त्यावरील क्यूआर कोड समोरच उघडायला सांगा. तो कोणत्या भाषेत उघडतो, अक्षर कसे दिसते, ते स्वतः पाहा. विक्रेत्यालाही हीच परीक्षा द्या. उर्दूचे एक पान बोर्डावर नस्तालीकमध्ये दाखव, आकड्यांसकट. मग भाव बोलू. मोठा ग्राहक अट घालतो तेव्हा कंपन्या ऐकतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरे, रकमेचे दोन भाग करा. निम्म्यात यंत्र घ्या. लहान घ्या, साधा प्रोजेक्टर घ्या, पण निम्म्यातच घ्या. उरलेल्या निम्म्यातून तीन वर्षांची दुरुस्ती, इन्व्हर्टर आणि शिक्षकांचे प्रशिक्षण करा. सुटीच्या दिवशी येऊन धडे तयार करणाऱ्या शिक्षकाला मोबदला द्या. आपल्या कारखान्यात ओव्हरटाइम फुकट होत नाही, मग मास्तरांनी तरी फुकट का करावा?

तिसरे, एका गावातील शाळांनी हे काम वाटून घ्यावे. एका शाळेने विज्ञान, दुसरीने गणित, तिसरीने भूगोल. दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींना जुन्या इनपेज फाईली युनिकोडमध्ये उतरविण्याचे आणि तपासण्याचे काम द्यावे. त्यांना चार पैसे मिळतील, टायपिंगचा हात बसेल. अशा मुलांना काम जमत नाही असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय उर्दू परिषदेने संगणक, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी यांचा एक वर्षाचा डिप्लोमा चालविला. त्यातून शिकलेली उर्दू माध्यमाची मुले छापखान्यांत आणि पेढ्यांवर काम करून पोट भरीत आहेत.

चौथे, वर्षातून एकदा न सांगता शाळेत जा. पाटीकडे पाहू नका, वर्गात मागच्या बाकावर बसा. बोर्डावर धडा चालू असेल तर मुलांना दोन प्रश्न विचारा. उत्तर आले तर पुढच्या वर्षी दुसऱ्या वर्गाला द्या. उत्तर आले नाही तर कारण विचारा आणि ते दुरुस्त होईपर्यंत नवे यंत्र देऊ नका.

शाळांचा नवा हंगाम सुरू होतो तो जूनमध्ये. बोर्डाची मागणी घेऊन संचालक त्याच्या आधी आपल्याकडे येतील. त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नका. पण या वेळी एक अट घाला की शाळा बंद असताना दोन शिक्षक उर्दूतील किमान दहा धडे तयार करून दाखवतील आणि मगच बोर्डाची ऑर्डर जाईल. दहा धडे ही मोठी मागणी नाही. जी शाळा ते करून दाखवील तिच्याकडे बोर्ड चालविणारा माणूस आहे, हे आपल्याला पैसे जाण्यापूर्वीच कळेल.